काळी चारवर गाणारी सून

फोन पुंजाजीनं उचलला होता आणि 'गाते' हा शब्दही त्याच्याच तोंडून गेला. निभावायचा मात्र पायलला होता.

पलीकडून अकोल्याचा धर्मेंद्र बोलत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या अकोट फैल वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा गाण्याचा मुकाबला ठेवायचा, ही त्याच्या मंडळाची जुनी रीत. एका बाजूला अकोल्याचे खुशालराव आणि दुसऱ्या बाजूला वलगावची समता गायन पार्टी. समता पार्टीचा पुढचा माइक आजवर इंदूबाईचा, म्हणजे पुंजाजीच्या बायकोचा होता. पण हळूहळू तिचे वरचे सूर जाऊ लागले आणि यंदाच्या भीमजयंतीत तर वर चढवलेला आवाज जुन्या पोत्यासारखा उसवला. तेव्हा तिनं आपणहून माइक खाली ठेवला. धर्मेंद्रच्या कानावर ते गेलंच होतं. त्यानं विचारलं, यंदा कोण गाईन? पुंजाजी म्हणाला, आमची सून. धर्मेंद्रनं विचारलं, कायी चारवर गाते का? पुंजाजी म्हणाला, गाते.

काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. गाणाऱ्यानं तिला आपला सा मानला की पुढचं सगळं गाणं तिथून वर चढतं. जितकी वरची पट्टी, तितका गळ्याला ताण. बैठकीच्या गाण्यात ज्याला जी पट्टी झेपेल तीत तो गातो, कोणी विचारत नाही. या पार्ट्यांचं तसं नव्हतं. पहिल्या पार्टीनं जी पट्टी धरली तीच दुसरीनं धरायची. दुसरी जर एक पट्टीही खाली आली तर लगेच ऐकणाऱ्याला गाणं बसल्यासारखं वाटतं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ते कळतं, आणि मग 'पट्टी उतरली' एवढे दोन शब्द त्या पार्टीच्या मागे वर्षानुवर्षं फिरतात. इंदूबाईची पट्टी कधी उतरली नव्हती. स्वयंपाक करतानाही ती हे सांगायची आणि भांडतानाही.

पायल तिची सून. वलगावच्याच एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून कोरसमध्ये उभी राहून टाळ्या देत होती. माहेरी, दर्यापूरकडे, तिनं एकटीनं गायलेलं होतं. पुढचा माइक आपल्याला मिळावा असं तिला फार वाटायचं, पण ते तिनं नवऱ्यालाही, स्वप्निललाही, कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता तो माइक समोर आला होता, पण अट घालून. इंदूबाईनं पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं, अकोल्यात पट्टी उतरली तर येत्या जयंतीले अंजनगावची माणिकबाई बोलावू. तिचा आवाज काही गोड नाही, पण वर जाते.

जयंती एप्रिलमध्ये झाली होती आणि दसरा ऑक्टोबरात होता. पायलनं पहिल्याच दिवशी मोबाइलवर शोधलं की वरचा आवाज वाढायला किती दिवस लागतात. एक जण तीस दिवस म्हणत होता. एक बाई एकवीसच. एकानं सांगितलं की आवाज जन्मतः मिळतो, मेहनत करू नका. गल्लीतल्यांचं वेगळंच. कोणी ज्येष्ठमध सांगितलं, कोणी मिरे-खडीसाखर, आणि खुशालराव म्हणे कच्ची अंडी पितात म्हणून त्यांचा गळा या वयातही टिकून आहे. पायलनं अंडं पिऊन पाहिलं. ते वर आलं, सूर आला नाही.

पण तालीम सुरू झाली आणि सगळ्यांना नवल वाटलं. पुंजाजी पेटी घेऊन बसला, नेहमीसारखी काळी चारवर बोटं ठेवली आणि पायल गायली. अगदी वरच्या ओळीत थोडी घासली, बाकी गाणं निभलं. ढोलकीवाला म्हणाला, अकोलं जिंकलं म्हणा आता. इंदूबाईनं नाक मुरडलं, पण ती उठून गेली नाही. तिच्या लेखी ती पसंतीच होती.

तरी दोन महिन्यांत पायलचा गळा बसायला लागला. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडायचं आणि संध्याकाळी वरच्या पट्टीत गायचं. सकाळी उठली की आवाज येईपर्यंत चहा थंड व्हायचा. शाळेतल्या एका बाईंनी तिला अमरावतीला अंबापेठेतल्या अनसूया मॅडमचं नाव सांगितलं. त्या कॉलेजात गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. पुंजाजीला ते फारसं रुचलं नाही. त्याचं म्हणणं, त्याईच्या गाण्यात लोक मान डोलवते, आपल्या गाण्यात लोक उभे होते. त्या काय शिकवतीन? पण अडवलं नाही त्यानं.

मॅडमनी पहिल्या दिवशी गाऊनच घेतलं नाही. दिवसभर काय करतेस, किती बोलतेस, रात्री पाणी किती पितेस, असलं विचारलं. मग म्हणाल्या, "आधी शाळेत ओरडणं बंद कर. तुझा निम्मा आवाज तिथंच वाटला जातो."

"मग पोट्टे ऐकणार कसे, मॅडम?"

"ते तू बघ."

पायलनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात खंजेरी घेऊन गेली. एकदा वाजवली की गप्प, दोनदा वाजवली की पाट्या काढायच्या. पोरांना ते इतकं आवडलं की ती गप्प बसण्यासाठीच गोंधळ करू लागली. पण तिचा आवाज वाचला.

पुढच्या वेळी मॅडमनी तानपुऱ्याचं यंत्र लावलं आणि विचारलं, तुझी पट्टी कोणती. पायल मान वर करून म्हणाली, काळी चार. मॅडमनी काळी चार लावली. पायलनं सा लावला आणि तिला कसंतरीच झालं. घरच्या काळी चारमध्ये सा असा हाताशी ठेवल्यासारखा असायचा. इथं तो फळीवर ठेवलेल्या डब्यासारखा लागला. टाचा उंचावून घ्यावा लागत होता. ती म्हणाली, मॅडम, हे चढलं आहे. मॅडम म्हणाल्या, यंत्र आहे बाई, ते कशाला चढेल? मग त्यांनी एक पट्टी खाली, पांढरी पाच लावली. सा पटकन जागेवर बसला.

"तुझी पट्टी ही आहे," मॅडम म्हणाल्या. "चांगली आहे. बायकांच्या गळ्याला साजते. वाईट काय वाटून घेतेस?"

पायलनं काय वाटून घेतलं ते त्यांना कळण्यासारखं नव्हतं.

वलगावला परतताना ऑटोत ती तेवढाच विचार करत राहिली. पुंजाजीची पेटी स्केल चेंजर होती. तशा पेटीत पट्ट्यांचा सगळा फळा उचलून डाव्या-उजव्या बाजूला सरकवता येतो. बोटं त्याच पट्टीवर राहतात, पण खालचा सूर बदलतो. पुंजाजी कोणाजवळ पेटी शिकला नव्हता. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असताना जेवणाच्या सुटीत ऐकून ऐकून हात बसवलेला, तोही एका काळी चारवरच. दुसऱ्या पट्टीत वाजवायचं म्हटलं की त्याची बोटं आंधळी व्हायची. म्हणून त्यानं ही पेटी घेतली होती. फळा सरकवला की झालं.

घरी कोणी नाही असं पाहून तिनं पेटीचं झाकण काढलं. फळा एक घर खाली सरकलेला होता.

पुंजाजी भाजी घेऊन आला तेव्हा पेटी उघडीच होती. त्यानं पेटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसला. पायल रागावेल असं त्याला वाटलं असेल. ती रागावली नव्हती, फक्त विचारलं की हे कधीपासून. पुंजाजीनं खाली मान घालून सांगितलं, तुह्यासाठी म्हणशील तं पहिल्या दिवसापासून. तुले आधी भरवसा यावा, मंग गुपचूप चढवून देऊ, असा इचार होता. चढवायची येळच सापडली नाही.

"अन् आईसाठी?" पायलनं विचारलं. तिनं अंदाजानंच विचारलं होतं.

पुंजाजीनं दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग जे सांगितलं ते ऐकून पायल त्याच्याशेजारी पायरीवरच बसली. इंदूबाईचा गळा थकू लागला होता त्याला सात-आठ वर्षं झाली. तिला ते कळलं असतं तर तिनं गाणं सोडलं असतं, आणि गाणं सोडून ती घरात बसली असती तर घरात दुसऱ्या कोणाला बसता आलं नसतं. म्हणून पुंजाजीनं फळा एक घर खाली घेतला. पण मुकाबल्यात समोरची पेटी जुळली पाहिजे. खुशालरावांच्या पेटीवर महादेवराव होते. पुंजाजी बिचकत बिचकत त्यांच्याकडे गेला, तर महादेवराव त्याच्या आधी बोलले. त्यांचं दुखणं तेच होतं. खुशालरावही साठी ओलांडलेले, वर जाताना मानेच्या शिरा फुगायच्या. मग दोघा पेटीवाल्यांनी मंडपामागे उभं राहून सूर मिळवला, एक घर खाली. तेव्हापासून अकोल्यात काळी चार म्हणून जी वाजली, ती पांढरी पाचच होती. मंडपातल्या एवढ्या लोकांपैकी कोणाला कळलं नाही. गाणाऱ्या दोघांनाही नाही.

"खुशालरावालेबी मालूम नाही?"

"त्याले तं आपला गया वाढला असंच वाटते," पुंजाजी म्हणाला. "पोवाड्यासारखा सांगत फिरते."

पायलला हसू आलं आणि मग आलेलं हसू अर्ध्यावर थांबलं. कारण महादेवराव याच उन्हाळ्यात वारले होते. खुशालरावांनी त्यांच्या जागी अकोल्यातल्याच एका ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला घेतला होता. त्याच्याकडे मंडपामागचं गुपित नव्हतं. तो खरी काळी चार लावणार होता.

पुढच्या वेळी पायलनं मॅडमला सरळ विचारलं, एक पट्टी वर जायला किती वेळ लागतो. दसऱ्यापर्यंत जमेल का, तेही सांगितलं. मॅडमनी तानपुऱ्याचं यंत्र बंद केलं. मग म्हणाल्या की वरच्या सुराला हात लागणं वेगळं आणि तिथं राहणं वेगळं. हात लागायला काही महिने पुरतात. राहायला दीड वर्ष, दोन वर्षं, कोणाला जास्तही. गळ्यात दोन नाजूक पडदे असतात, ते ताणून पातळ करायची सवय त्यांना लावावी लागते. ओरडून वर गेलं की ते जाड होतात आणि होता तो सूरही जातो. "आणि मोबाइलवर सांगतात ते तीस दिवस," त्या म्हणाल्या, "ते त्यांच्या जाहिरातीचे."

"दसऱ्याले काय होईल मग?"

"तोपर्यंत हात लागेल. पण पूर्ण कार्यक्रम तिथं गाशील असं मी म्हणणार नाही. मी खोटं सांगितलं तर तुझा गळा जाईल, माझा नाही."

त्यांनी वरचं काही शिकवलंच नाही. आधी खालचे सूर घ्यायला लावले, अगदी जमिनीला टेकणारे. मग तोंड मिटून गुणगुणायचं. मग ओठ सैल सोडून, लहान पोरं मोटार चालवताना काढतात तसा फुर्र आवाज करत खालून वर आणि वरून खाली जायचं. पायल पहाटे हे सगळं मागच्या खोलीत करायची. इंदूबाई चुलीजवळून ओरडायची, "गाणं शिकून राह्यली का ट्रॅक्टर? एवढे पैसे घेऊन त्या बाईनं तुले डिझेलचा आवाज काढाले शिकवला का?" स्वप्निलनं त्यावर गिअर बदलल्याची नक्कल केली आणि दोन दिवस त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

पुंजाजीनं आता फळा चढवून खऱ्या काळी चारवर ठेवला होता. इंदूबाईला काही सांगितलं नाही. तालमीत पायल अडखळू लागली तशी इंदूबाई म्हणाली, क्लास लावला अन् होतं तेबी गेलं. यावर पायलजवळ उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. ते उत्तर दिलं असतं तर सासूची सात-आठ वर्षं एका वाक्यात गेली असती.

सप्टेंबरच्या शेवटाला एकदा, मॅडमच्या घरी, तो वरचा सूर आला. पायल हलक्या आवाजात चढत होती आणि तो न घासता, न ओढता आला. मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, पुन्हा नको, आज इथंच थांब. पायल बसस्टँडवर आली तरी तिच्या अंगात तो सूर वाजत होता. त्यानंतर तो कधी यायचा, कधी यायचा नाही. मोठ्यानं बोलावलं की हमखास यायचा नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारीच क्रूझर भरून पार्टी अकोल्याला निघाली. इंदूबाई पांढरं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसली होती. अकोट फैलात मंडप भरला होता, बाया एकीकडे, माणसं एकीकडे, पोरं मंचाला टेकून. खुशालराव निळा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते. पायल पाया पडायला गेली तर त्यांनी पाय मागे घेतले, म्हणाले, आपल्यात पाय नाही पडत बेटा, जयभीम घाल. आणि हसून विचारलं, सासूसारखी गाशीन ना?

मंडपामागे पुंजाजी त्या कीबोर्डवाल्या पोराजवळ गेला होता. महादेवराव असताना आम्ही आधी सूर मिळवून घेत होतो, असं काहीतरी त्यानं आडून सांगून पाहिलं. पोरगा भला होता. त्यानं लगेच काळी चार दाबून दाखवली. पुंजाजीनं मुद्दाम फळा खाली घेऊन आपली पेटी वाजवली, म्हणजे त्याला इशारा कळेल. पोरगा म्हणाला, काका, तुमची पेटी उतरली आहे, चढवून घ्या. तेही मोठ्यानं. खुशालरावांनी खुर्चीवरून मान वळवली आणि विचारलं, काय झालं?

"काई नाही," पुंजाजी म्हणाला. "पेटी सरकली होती." आणि त्यानं आपल्या हातानं फळा वर सरकवला.

वडीलकीचा मान म्हणून खुशालराव आधी उभे राहिले. वंदना झाली, पहिलं गाणं सुरू झालं. खालच्या ओळी त्यांनी अशा टाकल्या की मागच्या रांगेतल्या माणसांनीही विड्या विझवल्या. मग ओळ वर चढली आणि जिथं त्यांचा हुकमी सूर असायचा तिथं आवाज फुटला. त्यांनी खोकून घेतलं. माइकवाल्याकडे रागानं पाहिलं. पाणी प्याले. दुसऱ्या खेपेला तीच ओळ आली तेव्हा तोंड बाजूला करून त्यांनी ती कोरसवर सोडली. लोकांत कुजबुज झाली की म्हातारा थकला. पायल मंचाच्या कडेला उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीती होती. गेल्या वर्षीपर्यंत जो गळा होता तो एका वर्षात कुठं गेला, हे त्या माणसाला समजत नव्हतं. ते समजावून सांगणारा महादेवराव मातीत होता, आणि जिवंत होते त्यांनी सांगायचं नव्हतं.

मग तिची पाळी आली. कीबोर्डचा सूर अजून मंडपात लोंबत होता. तिनं काळी चार धरली. खालच्या ओळी झाल्या. वर चढताना तिनं आवाज वाढवला नाही, मॅडमच्या घरी घेतला होता तसा पातळ केला, आणि तो सूर आला. बायांमधून टाळी पडली. इंदूबाईनं पदर सावरला आणि आजूबाजूला पाहिलं.

दुसऱ्या कडव्याला तो पुन्हा आला, पण या वेळी काठाला घासून. पायलला गळ्यात एक जागा आवळल्यासारखी वाटली. तिला कळलं की तिसऱ्या वेळी तो यायचा तर ओरडूनच येईल. लोकांना ते कळणार नाही, उलट त्यांना तेच आवडेल. खुशालराव हरतील. आणि त्यानंतर अजून सगळी संध्याकाळ शिल्लक होती, सवाल होते, जवाब होते, आणि ओरडलेल्या गळ्यात उद्या काय उरेल ते तिला माहीत होतं. तिनं हात वर करून ढोलकी थांबवली.

"बाबा, पट्टी उतरवा," ती म्हणाली. माइक चालूच होता. "पांढरी पाच."

पुंजाजीचा हात भात्यावरच राहिला.

"उतरवा बाबा."

मागून कोणीतरी म्हणालं, वलगाव उतरलं रे. थोडे हसले. पुढच्या रांगेत इंदूबाई ताठ बसली होती. पायल तिच्याकडे न पाहता माइकमध्ये बोलली, "आईनं इथं कधी पट्टी उतरवली नाही. मी उतरवतो. माहा गया तिथवर जाते, पण अजून तिथं राहत नाही."

पुंजाजीनं फळा उचलला, एक घर खाली ठेवला. पायलनं गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. पहिल्यांदा ते बसल्यासारखंच लागलं, लोकांचे कान वरच्या पट्टीत होते. पण दोन कडवी झाली तसे कान खाली आले आणि मग तिचा आवाज मंडपभर झाला. आता तिला शब्दांकडे पाहायला सवड होती. चवदार तळ्याच्या पाण्यावरचा जो सवाल तिनं टाकला, त्यात प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. ओरडणाऱ्यांच्या गाण्यात तो एवढा स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता.

जवाबासाठी खुशालराव उठले. कीबोर्डवाल्यानं रीतीप्रमाणे काळी चार दाबली. ती त्यांचीच पट्टी होती, त्यांनी फक्त तीत उभं राहायचं होतं आणि जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल त्यांची होती. खुशालरावांनी हातानं त्याला थांबवलं.

"पोरीची पट्टी लाव," ते म्हणाले.

मंडप टाळ्यांनी भरला. केवढ्या मनाचा माणूस, असं लोक म्हणाले. खुशालरावांनी पांढरी पाचवर पहिला सूर लावला, तो सरळ गेला, वरची ओळ आली, तीही सरळ गेली. त्यांनी डोळे मिटले आणि ती ओळ गरज नसताना आणखी तीनदा घेतली. पुंजाजी आपल्या पेटीकडे पाहत बसला होता.

ढाल खुशालरावांनाच मिळाली. पट्टी वलगावची उतरली होती, त्यात कोणाला शंका नव्हती. धर्मेंद्रनं पायलला शाल दिली आणि म्हणाला, आवाज चांगला आहे ताई, थोडी मेहनत घ्या.

परतीच्या वाटेवर इंदूबाई मूर्तिजापूरपर्यंत बोलली नाही. नंतर बोलली ती बडनेऱ्यापर्यंत थांबली नाही. चार लोकांत नाक कापलं, माह्या जिंदगीत असं झालं नाही, त्या म्हाताऱ्यानं दया दाखवली, दया. जयंतीले माणिकबाई. पायल 'बरं' म्हणाली. स्वप्निल काही बोलायला गेला तर तिनं त्याचा हात दाबला. पुंजाजी खिडकीबाहेर पाहत होता, आणि अंधारात बाहेर कपाशीशिवाय काही दिसण्यासारखं नव्हतं.

क्लास तिनं सोडला नाही. मॅडमनी विचारलं कसं झालं, तिनं सांगितलं की दोनदा आला, तिसऱ्यांदा मी बोलावलाच नाही. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्यांदा बोलावला असतास तर आज माझ्याकडे आली नसतीस, डॉक्टरकडे गेली असतीस. मग खालचा सा लावायला सांगितला.

जानेवारीत खुशालराव स्वतः वलगावला आले. रमाई जयंतीला अकोल्यात मोठा कार्यक्रम होता आणि त्यांना पायल हवी होती, मुकाबल्यासाठी नाही, सोबत गायला. चहा पिता पिता त्यांनी जरा खाली आवाजात सांगितलं की या वयात त्यांना कळलं, तिच्या पट्टीत गाणं चांगलं लागते. कार्यक्रम पांढरी पाचवरच करू. आपल्या पार्टीलाही त्यांनी तसं सांगून टाकलं होतं.

ते जाईपर्यंत इंदूबाईनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. गाडी वळणावर गेली आणि ती ओसरीत येऊन उभी राहिली.

"खुशाल उतरला," ती म्हणाली. "शेवटी खुशाल उतरला बा. अन् मी नाही उतरली."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ते माहीत झालं. अंजनगावला निरोप गेला की माणिकबाईनं जयंतीले येण्याची तसदी घेऊ नये, घरचा आवाज आहे. आणि रमाईचं एक जुनं गाणं पायलला नीट येत नाही म्हणून इंदूबाई स्वतः शिकवायला बसली. पुंजाजीला म्हणाली, लावा ते तुमचं पांढरी पाच, पाहू तं खरं काय असते ते.

पेटी दसऱ्यापासून पांढरी पाचवरच होती. पुंजाजीनं फळ्यावर हात ठेवून काहीतरी सरकवल्यासारखं केलं आणि भाता ओढला. इंदूबाईनं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली आणि थांबली.

"याच्यात कायची मेहनत व?" ती म्हणाली. "हे तं झोपल्या झोपल्या गाता येते. मले नसतं जमलं बाप्पा एवढ्या खाली."

"हो आई," पायल म्हणाली, आणि ओळ पुढे धरली.